चाकांचा कोन : रस्त्याचा वेगळा, ट्रॅकचा वेगळा

सोलापुरात पुणे नाक्याकडून हैदराबाद रोडकडे निघाले की टायरची दुकाने लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच दुकानांवर ‘कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट’ अशी पाटी दिसते. गॅरेज, टायर, डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग या कामांत आपले कारागीर पूर्वीपासून आहेत. पाना-पक्कड घेऊन फुटपाथवर सुरुवात करणाऱ्यांची मुले आज काही लाखांचे यंत्र घेऊन दुकान चालवतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र यंत्र आले म्हणून हुनर आपोआप येत नाही. पडद्यावरचा आकडा हिरवा झाला, गाडी सोडली, पैसे घेतले, एवढ्यावर काम संपवण्याची सवय वाढत चालली आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याने चाकांवर का लिहावे, असे कोणी विचारील. आमच्या धंद्यात चादरीच्या गाठी टेम्पोने बाहेरगावी जातात, त्यामुळे टायरचा खर्च आमच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याला येतो. दुसरे कारण असे की, आमच्या सोलापुरात यंत्रमागाशेजारी वाढलेल्या माणसाला ‘सेटिंग’ या शब्दाची किंमत कळते. ताणा एका बाजूने जरा ढिला राहिला, तर माग चालतो, आवाजही नेहमीचाच येतो, पण कापड वाकडे निघते आणि ते दहा मीटर विणून झाल्यावर दिसते. चाकाच्या कोनाचेही तसेच आहे. चूक आज होते आणि तिची पावती दोन-तीन महिन्यांनी टायरवर उमटते.

अलीकडे या धंद्यात एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. जुनी पण वेगवान गाडी घेणारा तरुण, तिला खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा लावणारा, रुंद टायर घालणारा आणि वर्षातून एक-दोनदा गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नेणारा. तो मिस्त्रीला म्हणतो, “मला ट्रॅकची सेटिंग करून द्या.” मिस्त्रीने त्याला काय उत्तर द्यावे? या लेखाचा विषय एवढाच आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सर्व ठिकाणी बरोबर असलेली अशी एकच सेटिंग नसते. गाडी कोठे, किती आणि कशी चालणार हे आधी विचारावे, मगच पान्याला हात घालावा.

तीन कोन

प्रथम तीन शब्द नीट समजून घेऊ. पहिला कॅम्बर. गाडीसमोर उभे राहून चाकाकडे पाहिले असता त्याचा माथा आत झुकलेला असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलेला असेल तर पॉझिटिव्ह. दुसरा टो. वरून पाहिले असता दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, एकमेकांपासून दूर असतील तर टो-आउट. तिसरा कॅस्टर. चाक ज्या आसाभोवती वळते तो आस बाजूने पाहिल्यास वरच्या टोकाकडे मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा आठवावा. याच कलामुळे स्टिअरिंग सोडले की सरळ होते. कॅस्टर वाढवला तर गाडी सरळ रेषेत स्थिर राहते आणि वळताना बाहेरच्या चाकाला उपयोगी निगेटिव्ह कॅम्बर मिळतो, पण स्टिअरिंग जड होते.

येथे आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून द्यावी लागते. अलाइनमेंट वेगळे आणि बॅलन्सिंग वेगळे. ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर बहुधा दोष चाकाच्या वजनातला असतो, कोनातला नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडे राहत असेल किंवा टायर एकाच कडेला खाल्ला जात असेल, तर कोन तपासावे.

वळणावर काय होते

गाडी वेगाने वळली की अंग बाहेरच्या बाजूला झुकते आणि जवळजवळ सारा भार बाहेरच्या दोन चाकांवर येतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. या रचनेत अंग झुकले की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर कलतो. टायरची बाहेरची कड तेवढी जमिनीवर घासते आणि आतली बाजू उचलल्यासारखी होते. म्हणजे पकड पाहिजे तेव्हाच अर्धा टायर बेकार. म्हणून शर्यतीच्या गाडीला उभ्या स्थितीतच दोन-अडीच ते तीन-साडेतीन अंश निगेटिव्ह कॅम्बर देतात. वळणात अंग झुकले की चाक जमिनीवर सपाट बसते.

मग रस्त्यावर तेच का करू नये? कारण रस्त्यावर आपण शंभर किलोमीटरांपैकी पंचाण्णव सरळ जातो. सरळ जाताना तीन अंश आत झुकलेला टायर आतल्या कडेवर जास्त भार घेतो. ब्रेक मारताना जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, पावसात ते अधिक जाणवते आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे गाडी आपोआप धावू लागते. कारखान्याने सर्वसाधारण गाडीला शून्य ते सुमारे एक अंश एवढाच निगेटिव्ह कॅम्बर दिलेला असतो, तो याच हिशेबाने.

टायर खाण्याचे खापर मात्र नेहमी कॅम्बरवर फोडले जाते, ते बरोबर नाही. टायरचा खरा शत्रू टो आहे. हिशेब करून पाहावा. टायरचा व्यास ६०० मिलिमीटर धरा आणि दोन्ही चाकांचा मिळून टो तीन मिलिमीटर चुकला आहे असे समजा. म्हणजे प्रत्येक चाक ६०० मिलिमीटरमागे दीड मिलिमीटर तिरपे चालते. एका मीटरला अडीच मिलिमीटर, एका किलोमीटरला अडीच मीटर. सोलापूर ते पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. तेवढ्या प्रवासात प्रत्येक चाक सहाशे मीटरांहून अधिक आडवे घासटत गेले, असा त्याचा अर्थ. कोणता टायर हे सोसेल? त्यात कॅम्बर जास्त असेल तर हे सारे घासणे आतल्या दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर येते. ती कड चाकाच्या आत असल्यामुळे मालकाला दिसत नाही. बाहेरून टायर नव्यासारखा आणि आतून तारा बाहेर आलेल्या, अशा स्थितीत मुलाबाळांना घेऊन गाडी हमरस्त्यावर जाते. प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही, तो असा जिवावर येतो.

चाकणची पोलो : एका गाडीचे दोन संसार

आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण घेऊ. पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि तेथे तयार झालेली पोलो आपल्या रस्त्यांवर २०२२ पर्यंत नवी मिळत होती. याच पोलोला शर्यतीचे रूप देऊन कंपनीने २०१० मध्ये पोलो कप ही स्पर्धा भारतात सुरू केली. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर या गाड्या धावल्या. २०१२ पासून तिचे अधिक ताकदीचे पेट्रोल रूप आले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या एकच वाटतात. आत सीट काढलेल्या, लोखंडी पिंजरा घातलेला, कडक सस्पेन्शन, शर्यतीचे टायर आणि कोनही निराळे.

रस्त्यावरच्या पोलोत मिस्त्रीच्या हाती फार थोडे आहे, हेही जाणून असावे. पुढचा टो टाय रॉडने बदलता येतो. पुढचा कॅम्बर बदलण्यासाठी कंपनीने वेगळा स्क्रू दिलेला नाही. मागे सलग पिळाचा आडवा बीम आहे, त्याचा कोन सहजासहजी बदलत नाही. मारुतीच्या आणि इतर अनेक छोट्या गाड्यांचीही कमी-अधिक हीच गोष्ट आहे. तेव्हा “चारही चाकांचे सर्व कोन सेट केले” असे बिलावर लिहिणाऱ्याने नेमके काय फिरवले, हे गिऱ्हाइकाने जरूर विचारावे. ज्यांना पुढे जास्त कॅम्बर हवा ते स्ट्रटच्या माथ्यावर सरकणारी कॅम्बर प्लेट किंवा खाली विलक्षण आकाराचा कॅम्बर बोल्ट बसवतात. बोल्टने साधारण एक-दीड अंशाचा फरक पडतो, प्लेटने त्याहून जास्त.

खरी स्पोर्ट्स कार म्हणाल तर आपल्या शेजारी गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी उघडी गाडी तयार होऊ लागली होती. फायबरचे अंग आणि रेनॉचे ११४९ सीसीचे इंजिन. तिचा खप फारसा झाला नाही. आज आपल्या भागात वेगाचा शौक म्हणजे बहुधा अशाच एखाद्या छोट्या गाडीत केलेला बदल असतो. म्हणून लेखातील उदाहरणे त्या गाड्यांची घेतली आहेत. परदेशी महागड्या गाड्यांत पुढे-मागे सर्व कोन बदलण्याची सोय असते, तत्त्व मात्र तेच.

नऊशे किलोमीटर जायचे, नऊशे यायचे

आता त्या तरुण गिऱ्हाइकाच्या मागणीकडे वळू. समजा तो सोलापूरहून गाडी चालवत चेन्नईच्या ट्रॅकवर जाणार आहे. जाण्याचे अंतर सुमारे नऊशे किलोमीटर, येण्याचे तेवढेच. इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकची एक फेरी ३.७१७ किलोमीटरची आहे. बारा-बारा फेऱ्यांची चार सत्रे त्याने केली तरी ट्रॅकवर गाडी १८० किलोमीटरांपेक्षा कमी धावणार. म्हणजे ट्रॅकच्या एका किलोमीटरमागे रस्त्याचे दहा. ट्रॅकची पूर्ण सेटिंग सोलापुरातच करून दिली, तर टायरचा बराचसा जीव विजापूर आणि बंगळूरच्या वाटेवरच जाईल आणि येताना पाऊस लागला तर धोका वेगळाच.

तेव्हा जाणत्या मिस्त्रीने त्याच्यापुढे तीन वाटा ठेवाव्यात.

पहिली, गाडी फक्त रस्त्याची असेल तर कारखान्याचे आकडे पाळावेत. त्यांना जी सूट दिलेली असते तिच्या मधोमध बसवावे आणि डावा-उजवा फरक कमीत कमी ठेवावा.

दुसरी, गाडी रोज चालते आणि क्वचित ट्रॅकवर जाते. अशा वेळी पुढे दीड ते दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर, पुढचा टो जवळजवळ शून्य, मागे किंचित टो-इन. टो शून्याजवळ असेल तर दीड-दोन अंशांचा कॅम्बर टायरला लवकर मारत नाही. टायर पाच-सहा हजार किलोमीटरला आगेमागे फिरवत राहावे. ही तडजोड आहे, ती तडजोड म्हणूनच सांगावी.

तिसरी, ज्याला खरोखर वेळा मोजायच्या आहेत त्याने दोन सेटिंग ठेवाव्यात आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदल करावा. कॅम्बर प्लेटवर रस्त्याची आणि ट्रॅकची अशा दोन खुणा कोरून ठेवाव्यात. पण लक्षात असू द्यावे, कॅम्बर हलवला की टोही हलतो. किती आणि कोणत्या बाजूला, हे गाडीगणिक वेगळे असते. म्हणून ते गॅरेजमध्ये एकदा मोजून कागदावर लिहून द्यावे आणि टाय रॉड किती फिरवला की टो परत जागेवर येतो, तेही लिहावे. बऱ्याच छोट्या गाड्यांत टाय रॉडचा पाव फेरा म्हणजे त्या चाकाला दोनेक मिलिमीटरचा फरक असतो. आपल्या गाडीचा आकडा मात्र स्वतः मोजावा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवाव्यात, नाहीतर स्टिअरिंग वाकडे बसेल.

ट्रॅकवर पुढच्या चाकांना किंचित टो-आउट देतात, त्याने गाडी वळणात चटकन शिरते. तीच गाडी सरळ रस्त्यावर अस्वस्थ चालते, सतत सावरावी लागते. मागच्या चाकांना टो-आउट मात्र रस्त्यावरच्या गाडीला कधीही देऊ नये. वळणात किंवा ब्रेकखाली गाडीचे शेपूट एकदम बाहेर येते आणि सावरायला वेळ मिळत नाही. आणखी एक बारकावा. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत जोर दिला की चाके बुशांच्या लवचिकतेमुळे आत वळू पाहतात, मागून ढकलणाऱ्या गाडीत पुढची चाके बाहेर वळू पाहतात. उभ्या गाडीचा टो ठरवताना हा फरक धरावा लागतो.

कामाचा क्रम

मागावर फणी बसवण्याआधी ताणा तपासतात, तसे येथेही आधी तपासणी. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, कंट्रोल आर्मचे बुश, व्हील बेअरिंग यांत खेळ असेल तर अलाइनमेंट करूच नये. ढिल्या बुशावर केलेले माप गेटच्या बाहेर पडताच बदलते. मग रिम वाकडी नाही ना ते पाहावे, हवा सर्व चाकांत ठरल्याप्रमाणे भरावी. स्प्रिंगा बदलल्या असतील तर गाडी आठ-दहा दिवस चालवून बसू द्यावी. उंची बदलली की सर्वच कोन बदलतात.

ट्रॅकच्या गाडीत चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतका भार ठेवून माप घेतात. वाळूची पोती ठेवावीत. आमच्याकडे चादरीच्या गाठी ठेवल्या तरी चालतील! पेट्रोलही साधारण जेवढे राहणार तेवढेच ठेवावे.

त्यानंतर क्रम असा : आधी मागची चाके, मग पुढचा कॅस्टर, मग कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, स्टिअरिंग सरळ बांधून. मागची चाके आधी का? गाडी कोणत्या दिशेला जाणार हे मागचा अक्ष ठरवतो. मागचा अक्ष तिरपा असेल तर पुढचा टो कितीही अचूक केला तरी स्टिअरिंग वाकडे धरूनच गाडी सरळ जाईल. मागे बीम असलेल्या गाडीत तो हलवता येत नसला तरी माप जरूर घ्यावे, म्हणजे पूर्वीचा अपघात लपलेला असेल तर उघड होतो. जुनी गाडी घेणाऱ्याला ही माहिती फार मोलाची आहे.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो. त्यामुळे अगदी बरोबर कोन असलेली गाडीही हलकेच डावीकडे सरकते. गाडी ओढते ती ज्या बाजूला कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह किंवा कॅस्टर कमी असेल त्या बाजूला. म्हणून रस्त्याच्या गाडीत, जेथे सोय आहे तेथे, उजवीकडे कॅस्टर डावीपेक्षा किंचित कमी ठेवून हा ओढा भरून काढता येतो. अमेरिकी पुस्तकांत याच्या उलट सांगितलेले असते, कारण तेथे वाहने उजवीकडून चालतात. पुस्तक पाहून काम करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. ट्रॅकवर असा सारखा उतार नसतो, तेथे दोन्ही बाजू समान ठेवून सुरुवात करावी.

दोरा आणि ओळंबा

ज्याच्याकडे महागडे यंत्र नाही त्याने हे काम सोडून द्यावे का? मुळीच नाही. शर्यतीच्या मैदानात आजही अनेक संघ दोऱ्याने टो मोजतात. इंजिनिअरिंग कॉलेजची मुले स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन विद्यार्थ्यांच्या स्पर्धांना जातात, तीही ही रीत शिकतात.

सपाट, समपातळीची जागा निवडावी. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर मासेमारीचा बारीक दोरा ताणून बांधावा. पुढच्या दोन्ही हबांपासून दोऱ्याचे अंतर डावी-उजवीकडे समान, मागच्या दोन्ही हबांपासूनही आपसांत समान असावे. पुढची आणि मागची चाके कमी-जास्त रुंदीवर असतात, म्हणून पुढचे अंतर मागच्याइतके असेलच असे नाही. आता प्रत्येक रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजावे. पुढची कड दोऱ्यापासून जास्त दूर असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. हे माप रिमवरचे आहे, टायरवरचे नव्हे, याची नोंद असावी, नाहीतर दोन आकड्यांची तुलना चुकते.

कॅम्बरसाठी गवंड्याचा ओळंबा पुरे. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत ४०० मिलिमीटर अंतर असेल, तर ओळंब्यापासून त्या दोन कडांच्या अंतरात सात मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. चाके सहज वळावीत म्हणून त्यांच्याखाली ग्रीस लावलेल्या दोन-दोन गुळगुळीत पत्र्यांची जोडी ठेवावी. जॅकवरून उतरवलेली गाडी मागेपुढे ढकलून, दाबून बसवल्याशिवाय माप घेऊ नये. यंत्र हेच काम पाच मिनिटांत आणि अधिक बारकाईने करते, यात शंका नाही. पण ज्याने एकदा दोऱ्याने माप घेतले त्याला यंत्राचा आकडा चुकला तर लगेच कळते. यंत्राचेही माप ठराविक मुदतीत तपासून घ्यावे लागते, जसा व्यापाऱ्याचा तराजू तपासतात.

टायर सांगतो ते ऐकावे

सेटिंग बरोबर झाली की नाही याचा शेवटचा निकाल टायर देतो. कापडाचा पोत पाहताना आपण हात फिरवतो, तसा टायरच्या नक्षीवर आडवा हात फिरवावा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने धार लागत असेल तर टो चुकला आहे. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धार, तर टो-इन जास्त. उलट असेल तर टो-आउट. नुसती आतली कड झिजली आणि धार नाही, तर कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर हवा जास्त.

ट्रॅकवर यासाठी उष्णता मोजतात. गाडी आत येताच टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागात सुई टोचून तापमान घेतात. बाहेरची कड जास्त तापली तर कॅम्बर वाढवावा, आतली फारच जास्त तापली तर कमी करावा, मध्य तापला तर हवा कमी करावी. ट्रॅकवर टायर तापून हवा वाढते म्हणून ती आधी कमी करतात. घरी निघण्यापूर्वी ती पुन्हा भरून घेणे विसरू नये.

हद्द कोठे आहे

जास्त कॅम्बर म्हणजे जास्त वेग, असा तरुणांचा समज असतो. तो जगातल्या सर्वांत मोठ्या संघांनाही एकदा महागात पडू पाहत होता. ऑगस्ट २०११ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथील फॉर्म्युला वन शर्यतीत टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीने पुढच्या चाकांसाठी चार अंशांची शिफारस केली होती. रेड बुल संघाने त्याहून थोडा जास्त कॅम्बर लावला आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या पुढच्या टायरवर फोड आले. शर्यतीत त्यांना टायर लवकर बदलावे लागले. सेबास्टियन फेटेल जिंकला, पण संघाचा जीव टांगणीला लागला होता. मर्यादा टायर बनवणारा ठरवतो, गाडीवाला नव्हे.

दुसरे उदाहरण मर्सिडीज संघाचे. सरळ रस्त्याला एक टो आणि वळणाला दुसरा टो हवा, ही अडचण त्यांनी २०२० मध्ये अशी सोडवली की, चालकाने स्टिअरिंग पुढे-मागे ओढले की धावत्या गाडीतच पुढच्या चाकांचा टो बदलत असे. २०२१ पासून नियमाने त्यावर बंदी आली. एवढा पैसा आणि एवढे इंजिनिअर असूनही सरळ रस्ता आणि वळण या दोहोंना पुरेल अशी एक स्थिर सेटिंग त्यांना सापडली नाही. तेव्हा आपल्या गल्लीतल्या गाडीला ती सापडेल, असे आश्वासन कोणी देऊ नये.

धंद्याचा हिशेब

आता कारागीर बंधूंसाठी चार गोष्टी.

पहिली, गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारावेत. महिन्याला किती चालते, किती माणसे बसतात, कोणता रस्ता, ट्रॅकवर जाणार का. डॉक्टर नाडी पाहण्याआधी विचारतो, तसे.

दुसरी, कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर द्यावेत. यंत्र असेल तर छापील, नसेल तर हाताने लिहून. जे हलवता येत नाही ते “हलवता येत नाही” असे लिहावे. आम्ही कापड मोजताना गज ढिला धरला तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. मापातला इमान हीच दुकानाची पाटी.

तिसरी, ट्रॅकच्या कामाची मजुरी वेगळी घ्यावी. रस्त्याच्या गाडीचे काम अर्ध्या तासात होते, दोन सेटिंगची गाडी अर्धा दिवस घेते. हे काम थोडे आहे, पण ते करणारा हात शहरात ओळखला जातो. कोल्हापुरात मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्टला सस्पेन्शन नसते, त्यामुळे कोनांचा परिणाम तिच्यात सर्वांत स्पष्ट कळतो. आपल्या शागिर्दांनी असे एखादे मैदान जवळून पाहावे, तेथील मेकॅनिकांशी बोलावे. पुस्तकात न मिळणारा तजुर्बा तेथे मिळतो.

चौथी, नाही म्हणायला शिकावे. टायर संपलेला असेल, बॉल जॉइंट ढिला असेल किंवा गिऱ्हाईक रस्त्याच्या गाडीला साडेतीन अंश मागत असेल, तर काम परत करावे. कायद्याप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने आहेत. गाडी रस्त्यावर उलटली तर बदल कोणी केला, हा प्रश्न विम्याचा माणूसही विचारतो. आणि वेगाची हौस ट्रॅकवरच भागवावी, हमरस्त्यावर नव्हे, हे वडीलधाऱ्याच्या नात्याने दोन शब्दांत सांगायला कारागिराने संकोच करू नये.

शंभर-दोनशे रुपयांचे गिऱ्हाईक गेले तर उद्या दुसरे येईल. पण आपण फिरवलेल्या नटावर कोणाचे तरी घरदार विसंबून रस्त्याने जात असते. दोरा असो की कॅमेऱ्याचे यंत्र, माप खरे असले आणि गाडी कोठे चालणार हे विचारून घेतलेले असले, की कारागिराने आपले काम पुरे केले.